गालिचा आणि घाटाखालचा पावसाळा

ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांतील ज्या घरांनीं दोन-तीन पिढ्या पाहिल्या आहेत, त्यांपैकीं पुष्कळ घरांच्या माळ्यावर एखादा तरी गालिचा गुंडाळून ठेविलेला असतो. तो कोणा आजोबांनीं सेवानिवृत्त होतांना हौसेनें घेतलेला असतो, किंवा घरांतील पहिल्या लग्नाच्या वेळीं व्याह्यांच्या बैठकीसाठीं आणलेला असतो, किंवा काश्मीरच्या प्रवासांत दुकानदाराची भीड न मोडवल्यामुळें पदरीं पडलेला असतो. घरांतील सर्वांना त्याचा अभिमान असतो. परंतु तो शेवटचा केव्हां उलगडला होता असें विचारलें, तर वडील मंडळी सुनांकडे व सुना वडील मंडळींकडे पाहूं लागतात. याच्या उलट दुसरीं कांहीं घरें अशीं आहेत कीं, तेथें गालिचा दिवाणखान्यांत बारा महिने पसरलेला असतो आणि त्यावरून केरसुणीचा हात फिरला म्हणजे तो स्वच्छ झाला असें समजण्यांत येतें. दोन्ही पद्धतींनीं गालिचा मरतो. दुसऱ्या पद्धतींत तर घरांतल्या लहान मुलांच्या छातीचाही प्रश्न येतो. म्हणून या विषयाकडे केवळ टापटिपीचा एक भाग म्हणून पाहून चालणार नाहीं.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. गालिचा हा आमच्या कोंकणपट्टींतला नव्हे. तो कोरड्या मुलखांत जन्मला आणि तेथेंच वाढला. इराणांतील किरमाण हें गालिच्यांचें नामांकित ठिकाण. तेथें वर्षाकांठीं १५० मिलिमीटर पाऊस पडला तरी पुष्कळ झालें. आग्रा व श्रीनगर येथेंही तो सरासरीनें ७०० मिलिमीटरांच्या आसपासच असतो. आमच्या ठाणें-कल्याणकडे मात्र चार महिन्यांत सुमारें २५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें शंभर इंच, पाऊस कोसळतो आणि जुलै महिन्यांत हवेंतील आर्द्रता शेंकडा ८० च्या खालीं क्वचितच उतरते. कोरड्या देशांतील माणसानें सांगितलेले निगेचे नियम, किंवा हल्लीं जाहिरातींतून दिसणारे शांपूचे व फेंसाचे प्रयोग, आमच्याकडे जसेच्या तसे लागूं पडत नाहींत याचें कारण हेंच. तिकडे गालिच्याचा मुख्य शत्रु मळ असेल. घाटाखालीं तो ओल आहे, आणि मळाचा क्रम तिच्या मागून लागतो.

महाराष्ट्रांतील ज्या गालिच्यांची ख्याति झाली, तेही घाटावरचे आणि तेही तुरुंगांतले. पुण्याजवळील येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग १८७१ सालचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील बंदिवान गालिचे विणूं लागले व विजापूरच्या आसार महालांतील जुन्या गालिच्यांच्या नकलाही तेथें तयार झाल्या. त्या काळीं तुरुंगी गालिच्यांचें प्रस्थ सर्व हिंदुस्थानांत होतें. इंग्लंडांतील विंडसरच्या राजवाड्यांत, वॉटर्लू दालनांत जो प्रचंड गालिचा आहे, तो आग्र्याच्या तुरुंगांतील कैद्यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणलेला. त्याचें वजन सुमारें दोन टन. १९९२ सालीं त्या राजवाड्यास आग लागली, तेव्हां तो गुंडाळून हलविण्यास ५० शिपाई लागले. सर जॉर्ज बर्डवुड हे जन्मानें बेळगांवचे व मुंबईंत पुष्कळ वर्षें राहिलेले गृहस्थ. त्यांनीं हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावरील आपल्या १८८० सालच्या ग्रंथांत तुरुंगांतील या धंद्याविरुद्ध मोठी तक्रार केली आहे. तुरुंगांतील माल वंशपरंपरागत विणकराला बुडवितो आणि जुने नमुने बिघडवितो, असा तिचा आशय. ती तक्रार खोटी नव्हती. तथापि कैदी असो वा भदोही-मिर्झापुराकडील कारागीर असो, एकेक गांठ हातानें मारणें कोणासही चुकत नाहीं. सहा फूट रुंद व नऊ फूट लांब असा मध्यम गालिचा घेतला आणि एका चौरस इंचांत १०० गांठी धरल्या, तर एकंदर ७,७७,६०० गांठी होतात. सराईत विणकर दिवसास सहा ते आठ हजार गांठी मारतो. म्हणजे एकट्या माणसाचे शंभर ते एकशें तीस दिवस त्यांत जातात. एवढ्या श्रमाची वस्तु एका श्रावणांत कुजावी, ही गोष्ट कोणाच्याही जिवाला लागण्यासारखी आहे.

हें कुजणें कसें घडतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हातविणीच्या गालिच्यांत दोन निराळे पदार्थ एकत्र आलेले असतात. वर दिसणारी लव लोकरीची. परंतु ज्या ताण्यावर गांठी मारलेल्या असतात तो बहुधा सुताचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषून घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते. ही तिची थोरवी खरी. पण फसगत होते ती येथेंच. वरून हात फिरविला तर गालिचा खडखडीत कोरडा वाटतो, आणि आंतील सुताला मात्र बुरशीनें धरलेलें असतें. बुरशीला सूत जितकें मानवतें तितकी लोकर मानवत नाहीं. त्यामुळें रंग शाबूत, लव शाबूत, नक्षी शाबूत, आणि गालिचा दुमडतांच पापड मोडावा तसा आवाज होऊन चीर पडते. कल्याणांत पारनाक्याजवळील एका परिचित घरीं मुंजीच्या आदल्या दिवशीं माळ्यावरून उतरविलेला गालिचा दोन तरुण मुलांनीं दोन टोंकांस धरून झटकला, आणि तो मधोमध फाटला. घरांतील झाडून सर्वांनीं त्या मुलांना बोल लाविले. वस्तुतः तो गालिचा त्यापूर्वीं कित्येक पावसाळे मेलेलाच होता. मुलांच्या हातून केवळ त्याचा मृत्यु जाहीर झाला. ज्यांना परीक्षा पाहावयाची असेल त्यांनीं गालिच्याचा एक कोपरा उलटा करून कानाशीं न्यावा व हलकेच वांकवावा. बारीक तडतड ऐकूं आली तर सूत गेलें असें समजावें. मग तो झटकूं नये, दोरीवर टांगूं नये, आणि धुण्याचें तर नांवही काढूं नये.

ओलीचा कहर काय असतो हें आमच्या भागानें २६ जुलै २००५ रोजीं पाहिलें. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीच्या पुराचें पाणी बदलापूर-कल्याणकडील वस्त्यांत शिरलें. अशा वेळीं तळमजल्यावरील माणूस आधीं म्हातारे-मुलें वर नेतो, मग धान्य, मग कागदपत्रें. गालिच्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि पाहूंही नये. प्रश्न येतो तो पाणी ओसरल्यावर. भिजलेला गालिचा इतका जड होतो कीं, तो कसाबसा गुंडाळून भिंतीशीं उभा करावा व ऊन पडण्याची वाट पाहावी, हीच बुद्धि प्रथम सुचते. ती घातक आहे. पावसाळी हवेंत ओल्या सुतावर बुरशी धरण्यास एक-दोन दिवस पुरतात, आणि गुंडाळीच्या पोटांत तर त्याहून कमी. त्याऐवजीं पाणी निथळून जाईल अशा फरशीवर तो पसरावा. पुराच्या पाण्यांत गटाराचें पाणी मिसळलेलें असतें, म्हणून एरवीं कितीही वर्ज्य असलें तरी त्या प्रसंगीं तो स्वच्छ पाण्यानें भरपूर धुवून काढावा. हें करतांना हातांत रबरी मोजे व पायांत बूट असावेत, कारण २००५ च्या त्या पुरामागून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊन मुंबईकडे कित्येक माणसें दगावलीं. नंतर बांकांवर अगर खुर्च्यांवर काठ्या आडव्या टाकून त्यांवर तो असा ठेवावा कीं, वरून व खालून हवा खेळेल, आणि पंखा रात्रंदिवस चालूं ठेवावा. यंत्रावर केलेला, पाठीमागें रबरी चिकटीचा थर दिलेला गालिचा अशा पाण्यांत बुडाला असेल, तर त्याचा लोभ सोडावा. त्या थरांत शिरलेली घाण पुनः बाहेर येत नाहीं. आपला गालिचा कोणत्या जातीचा आहे याबद्दल संशय असल्यास लवेचा एक तंतु काढून जाळून पाहावा: लोकर असेल तर केस जळल्यासारखी दुर्गंधि येते व राख बोटांत चुरडते, कृत्रिम धागा असेल तर तो वितळून त्याचा कठीण मणी होतो.

हा झाला आपत्तींतला विचार. नित्याच्या दिवसांत गालिच्याला झिजविते ती धूळ, व धुळींतही बारीक रेती. पायांबरोबर आलेली रेती लवेच्या बुडाशीं, गांठींच्या फटींत जाऊन बसते. तिच्या कणांना कडा असतात. वर पाऊल पडलें कीं त्या लोकरीचा तंतु बुडांतून कापतात. केरसुणी ही रेती काढीत नाहीं, उलट आणखी खोल दडपते. वाड्यांच्या काळीं यावर उपाय सोपा होता. अंगणांत जाड दोरीवर गालिचा उलटा टाकावयाचा, लव खालीं व पाठ वर, आणि वेताच्या छडीनें पाठीवर ठोकावयाचें. आतां नौपाड्यांत काय किंवा डोंबिवलींत फडके रस्त्याला काय, अंगणें राहिलीं नाहींत. गच्चीवर ठोकावयास जावें तर सारी धूळ शेजाऱ्यांच्या वाळवणावर उडते आणि सोसायटीच्या सभेंत विषय निघतो. अशा घरांसाठीं दुसरी युक्ति आहे, आणि माझ्या मतें ती जुनीपेक्षां चांगली, कारण तींत गालिच्याच्या ताण्यावर ओढ येत नाहीं. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर गालिचा पालथा घालावा, आणि हातानें किंवा पातळ वेतानें पाठीवर हलके थापटीत जावें. दहा मिनिटांनीं तो उचलून पाहिला म्हणजे खालीं रेतीची रांगोळी पडलेली दिसते. ती पुसून घ्यावी व पुनः पालथा घालावा. तिसऱ्या वेळेस फरशी बरीच स्वच्छ निघते. ज्यांचेकडे व्हॅक्यूम क्लीनर असेल त्यांनीं तो लवेच्या दिशेनें फिरवावा. दशांवरून मात्र फिरवूं नये, कारण यंत्राच्या तोंडांत त्या ओढल्या जाऊन तुटतात, आणि दशा हीं ताण्याचींच टोंकें असल्यामुळें तेथून गालिचा उसवूं लागतो.

गालिचा उचलून वाहण्याचें काम मात्र घरांतील पुरुषांनीं करावें. वर्षांतून दोनदां पंधरा-वीस किलो वजन माळ्यावरून उतरविण्यास कुटुंबांतील सर्वांत धाकटी सून शिडीवर चढते आणि बाकीचे खालून सूचना देतात, असा देखावा अद्यापि कांहीं घरीं दिसतो. त्याचें समर्थन कोणत्या शास्त्रानें होतें तें ठाऊक नाहीं.

जुन्या घरांत गालिच्यावर बसून कोणी जेवीत नसे. पंगत वेगळी, पाट वेगळे, आणि बैठकीची खोली वेगळी. उष्ट्या-खरकट्याचा तो विचार धार्मिक म्हणून पाळला गेला. परंतु गालिच्याला त्याचा मोठाच लाभ झाला. लोकरीला जी कसर लागते ती एका लहानशा, फिकट सोनेरी रंगाच्या पाखरामुळें. तें पाखरूं स्वतः कांहींच खात नाहीं. खाते ती त्याची अळी. अळीला निव्वळ स्वच्छ लोकरीवर नीट वाढतां येत नाहीं. घाम, सांडलेलें दूध, भज्याचें तेल, असें कांहीं लागलेलें असेल तेथें ती प्रथम तुटून पडते. हल्लीं दूरचित्रवाणीसमोर गालिच्यावर बसून थाळ्या घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्या खुणा कसरीनें केलेल्या भोंकांवरून नकाशासारख्या वाचतां येतात. दुसरी गोष्ट अशी कीं, कसरीला काळोख आणि निवांतपणा हवा असतो. म्हणून खोलीच्या मध्यभागीं, जेथें पाय पडतात, तेथें ती क्वचितच लागते. कोंचाखालीं, कपाटाखालीं व माळ्यावरील गुंडाळींत ती सुखानें नांदते. कोंच महिन्यांतून एकदां सरकविणें हा तिच्यावर बिनखर्ची इलाज आहे. लोकरीला विटाळ नाहीं, या जुन्या समजुतीनें धाबळ्या वर्षानुवर्षें धुतल्या जात नसत. त्याच समजुतीचा अवशेष गालिच्याच्या बाबतींत राहिला असल्यास तो आतां सोडावा.

कसरीला भिऊन लोक डांबराच्या गोळ्या टाकतात. या गोळ्यांबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणें जरूर आहे. त्यांतील द्रव्य नॅफ्थॅलीन. पारशी व सिंधी यांच्यासह आपल्या देशांतील कित्येक समाजांत जी-६-पी-डी नांवाच्या एका द्रव्याची रक्तांत जन्मतःच उणीव असलेलीं मुलें आढळतात. तशा तान्ह्या मुलाला नॅफ्थॅलीनचा नुसता वास लागलेल्या कपड्यांत गुंडाळलें, तरी त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटून कावीळ बळावते आणि प्रसंगीं जिवावर बेततें. हा दोष घरांत कोणाला आहे कीं नाहीं, हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. युरोपीय संघानें २००८ सालीं या गोळ्यांची विक्री बंद केली. आमच्याकडे त्या किराण्याच्या दुकानीं मिळतात. बारशासाठीं माळ्यावरचा गालिचा काढावा, त्यास गोळ्यांचा दर्प येत असावा, आणि त्यावरच बाळाचें दुपटें पसरावें, हा प्रकार अगदीं सुशिक्षित घरांतही सहज घडण्यासारखा आहे. ज्या घरीं तान्हें मूल आहे किंवा व्हावयाचें आहे, त्या घरांत गोळ्या मुळींच वापरूं नयेत. पूर्वीं वापरल्या असतील तर गालिचा अनेक दिवस उघड्या हवेंत ठेवून दर्प संपूर्ण गेल्यावरच आंत घ्यावा. कापराच्या वड्याही रांगत्या मुलाच्या हातीं लागूं देऊं नयेत. वेखंड, कडुनिंबाचा पाला, यांनीं पाखरूं थोडें दूर राहतें, पण घातलेलीं अंडीं मरत नाहींत. अंडीं मारण्यास कोरडें कडक ऊन व वारंवार हालचाल, हाच उपाय. लोकरीचें लहान आसन असल्यास तें घट्ट पिशवींत घालून बर्फाच्या कपाटांत उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेविलें तरी काम होतें.

आतां मुलांच्या छातीचा प्रश्न. धुळींत डोळ्यांना न दिसणारे, एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किडे असतात. ते आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांची विष्ठा हें दम्याचें व सततच्या शिंकांचें एक प्रमुख कारण आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा ५० च्या खालीं राहिली तर ते फार दिवस तगत नाहींत. ७० च्या वर त्यांची भरभराट होते. आमच्या भागांतील पावसाळ्याचे आंकडे वर दिलेच आहेत. त्यांत दाट लवेचा गालिचा म्हणजे या किड्यांना आयतें घरच. व्हॅक्यूम क्लीनरनें वरची धूळ जाते, पण लवेला धरून बसलेले जिवंत किडे पुष्कळसे तेथेंच राहतात. एकत्र कुटुंबांत यावरून कसे प्रसंग उद्भवतात तें सर्वांच्या परिचयाचें आहे. नातवाला रात्रीं धाप लागते, डॉक्टर गालिचा काढा म्हणून सांगतात, सूनबाई तें घरांत बोलून दाखवितात, आणि सासूबाईंना वाटतें कीं, सासऱ्यांनीं हौसेनें घेतलेली वस्तु आतां हिच्या डोळ्यांत खुपूं लागली. वस्तूचा प्रश्न मानाचा होतो, आणि मूल मधल्यामध्यें खोकत राहतें. यांत मान-अपमानाचा कांहीं संबंध नाहीं. दम्याचें मूल ज्या घरांत आहे, तेथें निजावयाच्या खोलींत गालिचा नको, हें वडील मंडळींनीं आपण होऊन सांगितलें तर सुनेला तें तोंडानें उच्चारावें लागणार नाहीं. बैठकीच्या खोलींत तो अंथरावयाचा असल्यास मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत अंथरावा, आणि झाडतांना त्या मुलाला दुसऱ्या घरीं अगर बाहेर पाठवावें. सासऱ्यांच्या आठवणीचा मान राखण्यास भिंतीवर टांगलेला लहान गालिचाही पुरेसा होतो. फक्त तो बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर नसावा.

डागांविषयीं विस्तार करण्याची गरज नाहीं. तथापि हळदीचें सांगितलेंच पाहिजे, कारण तो डाग खास आमच्या घरांतला. हळद सांडली कीं गृहिणी साबण घेऊन धांवते, आणि पिवळा डाग पाहतां पाहतां लालभडक होतो. साबण व सोडा हे क्षार आहेत आणि क्षाराशीं हळद लाल होते. कुंकूं पूर्वीं घरोघरीं याच रीतीनें होत असे. कोरडी हळद आधीं अलगद उचलून घ्यावी, उरलेला डाग गार पाण्याच्या ओल्या फडक्यानें टिपावा, आणि तेवढाच भाग उन्हांत धरावा. हळदीचा रंग उन्हानें आपोआप उडतो. समईचें तेल सांडलें तर त्यावर शंखजिरें किंवा मुलतानी माती जाडसर पसरून रात्रभर ठेवावी व सकाळीं झाडून काढावी. चहा तात्काळ टिपावा; घासूं नये. मुलानें गालिचा ओला केला तर त्याच घटकेला गार पाणी घालून टिपून घ्यावें, कारण मूत्र शिळें झालें म्हणजे त्यांत अमोनिया होऊन रंगाला बाध येतो, आणि मग कोणाच्यानेंही तो डाग जात नाहीं.

धुण्याची वेळ पांच-सात वर्षांतून एकदां येते, त्याहून अधिक वेळां येऊं देऊं नये. लोकर ही आपल्या केसांच्याच जातीची. धुण्याचा सोडा तिचा तेलकट अंश हिरावून घेऊन तिला राठ करतो, आणि ऊन पाणी तिला आटवितें. रिठ्याचें कोंबट-गार पाणी तिला मानवतें. रेशमाला व शालींना तें आपल्याकडे परंपरेनें वापरीत आलेलेंच आहेत. त्याआधीं रंगाची परीक्षा करावी: पांढरें फडकें ओलें करून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरावें. फडक्याला रंग लागला तर गालिचा घरीं धुवूं नये. मंजिष्ठ व नीळ यांचे जुने रंग बहुधा पक्के असतात. १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम रंग शोधून काढल्यानंतर स्वस्त लाल-जांभळ्या रंगांचा जो लोंढा आला त्याची खात्री देतां येत नाहीं. धुलाईच्या दुकानांत देणें असेल तर तो कोठें वाळवितात, हा प्रश्न आधीं विचारावा. आमच्याच घरचा एक गालिचा असा एका दुकानांतून पावसाळ्याच्या तोंडाशीं धुवून आला. वरून सुगंध येत होता, आणि पाठीवर हात ठेवला तर गारवा लागत होता. तीन दिवस पंख्याखालीं पसरल्यावर तो वांचला. गालिचा धुण्याचा योग्य काल दिवाळीनंतरचा. मृग लागल्यावर कोणी कितीही सवलत देवो, गालिचा घराबाहेर जाऊं नये.

गुंडाळून ठेवण्याची वेळ मे महिन्याच्या अखेरची, पहिल्या पावसाच्या आधींची. दोन दिवस सकाळच्या उन्हांत पाठ वर करून तो तापवावा. लवेवर भर दुपारचें ऊन घेऊं नये, रंग उतरतो. पुरता निवल्यावर लवेच्या दिशेनें गोल गुंडाळावा. घडी घालूं नये. घडीच्या रेषेवरच ताणा तुटतो. पोटांत बांबू अगर कागदी नळी असावी आणि वर जुन्या धुतलेल्या धोतराचें किंवा चादरीचें वेष्टण असावें. प्लास्टिकची पिशवी पाण्यापासून वांचविते खरी, पण आंतली ओल आंतच कोंडते. माळा बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर गालिचा तेथें न ठेवतां आंतल्या खोलींत उंच फळीवर ठेवावा, भिंतीपासून वीतभर दूर. श्रावणांत दोन-चार दिवस ऊन पडतें. त्यांतल्या एका दिवशीं तो सोडून पाहावा, कुबट वास येतो का तें हुंगावें, आणि पंखा लावून संध्याकाळच्या आंत पुनः बांधावा. दसऱ्याच्या झाडलोटींत तो पूर्ण उलगडावा. या चार महिन्यांत जमिनीवर सतरंजी पुरे. ती सुताची असली तरी पातळ आहे, घरच्या घरीं धुतां येते, पंख्याखालीं वाळते, आणि बिघडली तर खर्चांत टाकतां येते.

शेवटीं दुरुस्तीविषयीं. दशा सुटूं लागल्या तर जाड सुती दोऱ्यानें कांठावर टांके घालून त्या तेथेंच थांबवाव्या. हें काम घरांतील शिवण येणारें कोणीही माणूस तासाभरांत करूं शकतें, आणि तें सहा महिने पुढें ढकललें तर बोटभर नक्षी जाते. कसरीनें भोंक पाडलें असेल तर मुंबईंत गालिच्यांचे रफूगार अद्यापि आहेत. ते गांठीला गांठ लावून देतात, पण मजुरी बरीच घेतात, म्हणून आधीं गालिच्याच्या पाठीवरील गांठी मोजून तो हातविणीचा असल्याची खात्री करून घ्यावी. आणि तडतड वाजणारा, सूत गेलेला गालिचा दुरुस्त होत नाहीं. त्याचा जो भाग धड असेल तो कापून, खालीं जाड कापड शिवून, देवघरासाठीं एक-दोन आसनें करावीं. उरलेला भाग बोहारणीला दिला तर तीही तो उलटसुलट करून पाहते आणि वाटीऐवजीं चमचा देऊं करते.